‘मास्तरांनी दोन वर्षं फुकट पगार खाल्ला’ : एका मास्तरचं उत्तर

मार्च २०२३ मध्ये आम्ही जुन्या पेन्शनसाठी संपावर गेलो, त्या आठवड्यात हा मेसेज मला पहिल्यांदा आला. तेव्हापासून शिक्षकांनी काहीही मागितलं की तो पुन्हा फिरायला लागतो. परवा भाच्याने पाठवला. तो निफाडकडे द्राक्षाच्या औषधांचं दुकान चालवतो. खाली हसणारी चार तोंडंही टाकली होती.

मजकूर असा: ‘कोरोनात दोन वर्षं शाळा बंद. झेडपीच्या मास्तरांनी घरी बसून फुकट पगार खाल्ला. ऑनलाइनच्या नावाखाली ग्रुपवर लिंका टाकल्या. खिचडीचा तांदूळ कुठे गेला ते विचारू नका. पोरं ढकलपास, एक पिढी कायमची बाद. म्हणूनच शहाण्यांनी पोरं झेडपीतून काढली.’

मी नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात एका पाड्यावर पहिली ते चौथी शिकवतो. शाळा द्विशिक्षकी. मेसेजमधलं सगळंच खोटं नाही, हे आधीच कबूल करतो. म्हणूनच एकेक वाक्य सुटं करून बघायला हवं.

‘दोन वर्षं शाळा बंद.’ कोणाची? मार्च २०२० च्या मध्यावर शाळांना कुलूप लागलं. दहावीचा भूगोलाचा पेपर राहिला तो राहिलाच. नववी ते बारावी राज्यात २३ नोव्हेंबर २०२० पासून भरवायची मुभा मिळाली, आपल्या जिल्ह्यात ते वर्ग ४ जानेवारी २०२१ ला भरले. पाचवी ते आठवी २७ जानेवारीपासून. मग दुसरी लाट आणि पुन्हा कुलूप. ४ ऑक्टोबर २०२१ पासून खेड्यांत पाचवीच्या पुढचे वर्ग परत आले. पहिली ते चौथीला परवानगी मिळाली ती १ डिसेंबर २०२१ पासून. म्हणजे वीस महिने माझ्या वर्गखोलीत एकही पोर रीतसर बसलं नाही. मोठ्यांच्या बाबतीत ‘दोन वर्षं’ चूक आहे, पण सगळ्यांत लहानांच्या बाबतीत मेसेज फारसा लांब नाही.

राग यायचा तर इथे यावा. हॉटेलं आणि बार ऑक्टोबर २०२० मध्येच उघडले होते. जुलै २०२१ मध्ये आयसीएमआर या देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचे तेव्हाचे प्रमुख बलराम भार्गव यांनी सांगितलं की शाळा उघडायच्या तर आधी प्राथमिक उघडा, लहान मुलं हा विषाणू मोठ्यांपेक्षा चांगला झेलतात. आपण नेमका उलटा क्रम धरला. ज्याला बोर्डाची परीक्षा द्यायची तो आधी आला, आणि ज्याला ‘क’ कसा काढतात हेच ठाऊक नाही तो शेवटी. हा निर्णय कुठल्याही पाड्यावरच्या मास्तराने घेतलेला नव्हता. पण मेसेज लिहिणाऱ्याला मंत्रालय लांब पडतं, मास्तर गल्लीत सापडतो.

आता ‘घरी बसून फुकट पगार’. मार्च २०२० चा पगार आम्हाला आधी पंचाहत्तर टक्केच मिळाला, उरलेला मागाहून आला. तक्रार नाही, त्या महिन्यात द्राक्षवाल्याचा माल वेलीवर सडत होता, त्यापुढे हे काहीच नाही. कामाचं म्हणाल तर आम्हाला नाक्यावर उभं केलं, रेशन दुकानासमोर रांगा लावायला बसवलं, विलगीकरण केंद्रांत पाठवलं. १५ सप्टेंबर २०२० पासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ सुरू झालं, तेव्हा ताप मोजायचं यंत्र आणि ऑक्सिमीटर घेऊन घरोघर फिरलो. एका म्हातारीने विचारलं, ‘गुरुजी, बोटाला चिमटा लावून कळतं का पोरगं किती शिकलं?’ त्याआधी एप्रिल २०२० मध्ये कोरोनामुळे मालेगाव राज्यभर गाजत होतं. तिथल्या शिक्षकांनी काय पाहिलं ते त्यांनीच सांगावं, मी तिथे नव्हतो. सगळेच राबले असंही नाही. नाशिकच्या फ्लॅटमधून ‘शुभ सकाळ’ टाकून दिवस संपवणारेही होते. आम्ही त्यांना नावानिशी ओळखतो, आणि मेसेजवाल्यापेक्षा आमचा त्यांच्यावर जास्त राग आहे.

‘लिंका टाकल्या.’ टाकल्या ना! ‘शाळा बंद... पण शिक्षण आहे’ या अभ्यासमालेची लिंक यायची, ती आम्ही पुढे ढकलायचो. माझ्या पटावर अठ्ठावीस मुलं. स्मार्टफोन नऊ घरांत. त्यातले सहा फोन बापाच्या किंवा थोरल्या भावाच्या खिशात दिवसभर गावाबाहेर. ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीत २०२१ मध्ये शाळेत जाणाऱ्या ६७.६ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन निघाला, पण त्यातल्या चौथ्या हिश्शाहून जास्त मुलांना तो हाताळायला मिळत नव्हता. आमच्याकडे शिवाय रेंज टेकाडावर. पावसात टेकाडावर कोण पोरगं पाठवेल? लिंक पाठवली, दोन निळ्या टिका आल्या, वर पाठवायच्या तक्त्यात ‘लाभ घेतलेले विद्यार्थी’ हा रकाना भरला. त्या रकान्याची लाज मला आजही वाटते, आणि मेसेजमधलं हे एक वाक्य मी खोडणार नाही.

पण लिंकेवर गोष्ट थांबली नाही, आणि इथे मेसेजला काहीच माहीत नाही. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ सुरू झालं. कार्यक्रम चांगला होता. मुलं आपल्या परिसरातल्या वस्तू घेऊन करून बघतील असा बेतलेला. पाड्यावर टीव्ही तीन, आणि आषाढात वीज गेली की चार दिवस जाते. नाशिकच्या रेडिओ विश्वास या सामुदायिक केंद्राने जून २०२० पासून झेडपी आणि महापालिका शाळांतल्या तिसरी ते दहावीच्या मुलांसाठी ‘शिक्षण सर्वांसाठी’ सुरू केलं. शिक्षकांनीच स्टुडिओत जाऊन धडे रेकॉर्ड केले. त्याला पुढे राष्ट्रीय सामुदायिक रेडिओ पुरस्कारही मिळाला. आता असल्या केंद्राची लहर काही सावळघाट चढून पेठला येत नाही. पण इगतपुरी तालुक्यात शिक्षकांनी ४५१ मुलांना पेनड्राइव्ह चालणारे छोटे एफएम संच दिले. जिथे रेंज लागत नाही तिथे आवाज तरी पोहोचवायचा, ही अक्कल कुठल्याही लिंकेपेक्षा मोठी होती.

आम्ही काय केलं? आवणी, म्हणजे भातलावणी, संपेपर्यंत काहीच जमलं नाही; पोरं चिखलात, आईबाप चिखलात. श्रावणात पाड्याचे चार भाग पाडले. मारुतीचा पार, दोन ओटे आणि एक बैल नसलेला गोठा. एका ठिकाणी पाच-सहा पोरं, आठवड्यातून दोन फेऱ्या. मधल्या दिवशी दहावी झालेली एक पोरगी बघायची. कागदावर तिला ‘शिक्षणमित्र’ म्हणायचे, पोरं ताईच म्हणायची. स्वाध्यायपत्रिका मी पेठहून झेरॉक्स करून न्यायचो, स्वतःच्या खर्चाने, आणि पुढच्या फेरीत गोळा करायचो. अर्ध्या भिजलेल्या, काहींवर नागलीच्या भाकरीचे डाग. तपासायला मात्र त्याच खऱ्या होत्या. व्हॉट्सअॅपवरच्या सरकारी ‘स्वाध्याय’ चाचणीची उत्तरं थोरला भाऊ दाबायचा.

तिसरी-चौथीचं यात बऱ्यापैकी भागलं. त्यांना वाचता येत होतं, फक्त गंजू द्यायचं नव्हतं. पहिलीचं भागलं नाही. जून २०२० मध्ये नाव घातलेली सात पोरं शाळेची खोली आतून न बघता दुसरीत गेली. अक्षरओळख आठवड्यातून दोन फेऱ्यांत होत नसते. १ जुलै २०२१ पासून मागच्या इयत्तेची उजळणी करून घेणारा पंचेचाळीस दिवसांचा ‘सेतू’ अभ्यासक्रम आला, दुसरी ते दहावीसाठी. पण ज्यांना पलीकडे न्यायचं त्यांचे वर्गच बंद, त्यामुळे सेतूही पीडीएफच्या रूपाने टेकाडावर उतरला.

तांदळाचं लवकर उरकतो. शिजवलेली खिचडी बंद होती, कोरडा शिधा चालू होता. पालकांना बोलवून, लांब लांब उभं करून तांदूळ आणि कडधान्य मापून दिलं, सह्या-अंगठे घेतले. कुठे कोणी हात मारला असेल तर नाव-गावासकट तक्रार करा, मी साक्षीला येतो. खरा गमतीचा प्रकार वेगळाच होता. २०२१ च्या उन्हाळी सुटीचा आहार धान्याऐवजी पैशांनी द्यायचं ठरलं: पहिली ते पाचवीला १५६ रुपये, सहावी ते आठवीला २३४, तेही मुलाच्या बँक खात्यात. खातं काढायला आईने एक दिवसाची मजुरी बुडवून, जीपचं भाडं भरून पेठला जायचं, आधारची प्रत, फोटो... १५६ रुपयांसाठी. भाच्या, मेसेज करायचा तर यावर कर.

‘ढकलपास’ कोरोनाने आणलं नाही. आठवीपर्यंत कोणाला मागे ठेवायचं नाही हे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातच होतं. दहावीचा २०२१ चा परीक्षेशिवाय लागलेला ९९.९५ टक्के निकाल विनोदी होता, मान्य.

‘एक पिढी कायमची बाद’ हे वाक्य मला सर्वांत जास्त लागतं, कारण ती सात पोरं माझी. म्हणून आकडे बघितले. नाशिकचे नव्हेत, असरचे देशभरच्या ग्रामीण सरकारी शाळांचे. जून २०२० मध्ये पहिलीत गेलेली तुकडी २०२२ मध्ये तिसरीत होती. त्या वर्षी तिसरीतल्या फक्त १६.३ टक्के मुलांना दुसरीचा मजकूर वाचता आला. २०१८ मध्ये हे प्रमाण २०.९ होतं. घसरण खरी, आणि मोठी. तीच तुकडी २०२४ मध्ये पाचवीत. तेव्हा ४४.८ टक्के वाचू शकत होते. २०१८ च्या पाचवीत किती? ४४.२. ‘कायमची’ हा शब्द इथे गळून पडतो. वर्ग मोडून पातळीप्रमाणे गट केले, चौथीतल्या पोराला लाज न वाटू देता पहिलीच्या गटात बसवलं, तेव्हा हे झालं. अर्थात पाचवीतली निम्म्याहून जास्त मुलं दुसरीचं वाचत नाहीत, यावर पाठ थोपटून घेणार नाही. पण तो आजार कोरोनाच्या आधीचा आहे.

‘शहाण्यांनी पोरं काढली’? उलट झालं. असरच्याच आकड्यांत, सहा ते चौदा वयाच्या ग्रामीण मुलांपैकी सरकारी शाळांत असलेली २०१८ मध्ये ६५.६ टक्के होती, २०२२ मध्ये ७२.९. फी परवडेना म्हणून आली, हे खरं. २०२४ पर्यंत प्रमाण पुन्हा ६६.८ वर आलं. पण ज्या वर्षांत आम्ही ‘फुकट खात’ होतो, त्याच वर्षांत लोक आमच्या दारात आले.

एक मुद्दा मेसेजमध्ये हवा होता, तो नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये द्राक्षवेलींच्या गोडी छाटणीला पाड्यावरची माणसं दिंडोरी-निफाडकडे निघाली. एरवी शाळा चालू असते, तेव्हा आम्ही भांडतो: पोरगं आजीकडे ठेवा, जेवणाचं शाळेत बघतो. त्या वर्षी भांडायला शाळाच नव्हती. चौथीतला एक मुलगा धाकट्या बहिणीला सांभाळायला आईबापाबरोबर गेला. मार्च २०२१ मध्ये शाळाबाह्य मुलांची शोधमोहीम झाली. तो पटावर होता, म्हणून मी त्याला ‘शाळाबाह्य’ नव्हे, ‘स्थलांतरित’ लिहिलं. नियमाने बरोबर. जूनमध्ये परीक्षेशिवाय पाचवीत गेला. पाचवी शेजारच्या गावात, तिथे नाव घालताना शाळा सोडल्याचा दाखला न्यायचा असतो. मी दाखला तयार केला, दोनदा निरोप धाडला, एकदा दिंडोरीला मळ्यावर जाऊन आलो. बाप म्हणाला, ‘या हंगामानंतर बघू, गुरुजी.’

दाखला अजून शाळेच्या कपाटात आहे.