टार्गेट आधी की फाइल आधी? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ट्रॅव्हल एजन्सीची शाखा सांभाळण्यावरच्या लेखात मी फाइल, म्हणजे गिऱ्हाइकाची व्हिसा-तिकिटाची कागदपत्रं, तपासण्यावरच पानं भरली आणि विक्री दोन ओळींत उरकली, असा तुमचा आक्षेप. काउंटरला रोजचं टार्गेट द्या, बाकी सगळी कारकुनी, असं तुमचं म्हणणं.

पुणे-दिल्ली तिकिटापुरतं ते मान्य. पण भर बाजारातल्या दुकानाचं भाडं निघतं उन्हाळ्यातल्या परदेशी सहलींवर, आणि तिथला नफा काउंटरवर नाही, फाइलमध्ये बुडतो.

युरोपचंच घ्या. फ्रान्स 3 रात्री, स्वित्झर्लंड 3, इटली 2. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज जास्त रात्रींच्या देशाकडे; मुक्काम सारखा असेल तर पहिल्यांदा जिथे उतरणार त्या देशाकडे. पॅरिसला उतरायचं म्हणून फ्रान्सकडे. अपॉइंटमेंट मिळते. मग गिऱ्हाइकाच्या हट्टापायी काउंटरवरचा मुलगा इटलीची एक रात्र काढून इंटरलाकेनला घालतो. झाल्या स्वित्झर्लंडच्या 4! आता अर्ज तिकडे जायला हवा, आणि सीझनच्या तोंडावर नवी तारीख मिळत नाही. म्हणून अपॉइंटमेंटआधी रात्रींच्या तक्त्यावर गिऱ्हाइकाची सही घ्यायची. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून चालतो, म्हणजे 10 मेला निघणाऱ्याची फाइल 10 नोव्हेंबरपासून देता येते. निकाल एरवी 15 दिवसांत, पण 45 दिवसांपर्यंत लांबू शकतो. तोवर पासपोर्ट सहसा त्यांच्याकडेच, तेव्हा मधे दुबईला वगैरे जायचंय का, हे पहिल्याच दिवशी विचारा.

दुसरी गोची नावाची. आधार सासरच्या नावाने, पासपोर्ट माहेरच्या. व्हॉट्सॲपवर आधारचा फोटो येतो आणि तिकीट त्यावरून निघतं! एखादं अक्षर एअरलाइन बहुधा दुरुस्त करून देते. आख्खं आडनाव बदलायचं तर बहुतेकदा जुनं रद्द, नवं त्या दिवशीच्या भाड्याने. नाव नेहमी पासपोर्टच्या तळाशी असलेल्या, बाणांसारख्या खुणांच्या दोन ओळींवरून घ्या. तिथे आडनाव आधी असतं. जीडीएसवरचं, म्हणजे एजंटांच्या बुकिंग सिस्टिमवरचं, तिकीट साधारणपणे काढलं त्याच दिवशी व्हॉइड, म्हणजे काढलंच नव्हतं असं रद्द, होतं, त्यामुळे दिवसभरातली तिकिटं शटर ओढण्याआधी दुसऱ्या माणसाने वाचायची. दुसऱ्या दिवशी सकाळी वाचून उपयोग नाही. लो-कॉस्टच्या तिकिटांना ही सोय धरून चालू नका. तिथे तपासणी पैसे भरण्याआधीच.

टार्गेट जरूर द्या. फक्त इन्सेंटिव्ह बुकिंगच्या दिवशी नको, व्हिसा हातात पडल्यावर द्या. मग तोच मुलगा रात्रींचा तक्ता स्वतःहून दोनदा बघेल.

राहिला तुमचा रोखीचा प्रश्न, सहलीचे पैसे हप्त्याहप्त्याने रोख घेतले तर चालेल का. हप्ते पाडून घेतले तरी एकाच सहलीपोटी एका व्यक्तीकडून दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. दंड घेतलेल्या रकमेइतका, आणि तो गिऱ्हाइकाला नाही, पैसे घेणाऱ्याला. 90 हजारांच्या तीन पावत्या वेगवेगळ्या दिवशी फाडल्या तरी सहल एकच राहते.