कोल्ड्रिंकनं क्रोम परत येत नाही

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा तो व्हिडिओ तुमच्याकडेही आला असेल. गंजलेल्या सायलेन्सरवर काळं कोल्ड्रिंक ओतायचं, स्वयंपाकघरातल्या फॉइलच्या बोळ्यानं घासायचं, की शंभर रुपयांत जुनी गाडी शोरूममधली. पेट्रोलच्या टाकीत रात्रभर टॉयलेट क्लीनर, आणि उरलेल्या पत्र्यावर थेट रंगाचा स्प्रे.

कोल्ड्रिंकमधलं आम्ल गंज खातं, असं त्यात म्हटलंय. फॉस्फोरिक आम्ल गंजावर चालतं हे खरंच, गंज काढायच्या रसायनांतही ते असतं. पण कोल्ड्रिंकमध्ये ते लिटरमागे ग्रॅमभरही नसतं. माझ्या रोडकिंग मोटरसायकलला दोन सायलेन्सर, त्यामुळे तुलना घरच्या घरी झाली: डाव्याला कोल्ड्रिंक, उजव्याला नळाचं पाणी, फॉइल दोन्हींना. दोन्ही सारखेच उजळले. फरक एवढाच, डाव्याला सकाळी मुंग्या लागल्या होत्या. काम फॉइल करतं. फॉइलचं अ‍ॅल्युमिनियम सायलेन्सरवरच्या चकचकीत क्रोमच्या मुलाम्यापेक्षा मऊ, म्हणून वरचा गंज खरवडला जातो आणि क्रोमवर सहसा ओरखडे उठत नाहीत.

पण उजळणं म्हणजे क्रोम परत येणं नव्हे. क्रोमचा थर मायक्रॉनच्या अंशाएवढा असतो, खरं संरक्षण त्याखालच्या निकेलचं. गंज वरून बसत नाही, आतल्या लोखंडातून बारीक छिद्रांवाटे बाहेर येतो. भिंग घेऊन बघा, घासलेल्या जागी टाचणीच्या टोकाएवढे काळे खड्डे दिसतील. तिथं क्रोम नाही, निकेलही नाही. मेण लावून पुसत राहिलात तर काही महिने निघतील. कोकणातल्या खाऱ्या हवेत तेवढेही नाहीत. कायमचा इलाज म्हणजे जुना थर उतरवून, बफिंग करून (म्हणजे फिरत्या चाकावर घासून गुळगुळीत करून), पुन्हा निकेल-क्रोमचा मुलामा. ते शंभर रुपयांत होत नाही.

थेट स्प्रेबद्दल फार बोलायला नको. आम्लानं धुतलेला उघडा पत्रा वाळता वाळताच केशरी पडतो. खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुवा, लगेच वाळवा, पॉलिश पेपर मारा, थिनरनं पुसा आणि त्याच दिवशी प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, चढवा.

खरा संताप मला टॉयलेट क्लीनरचा येतो. त्यात बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, आणि प्लेटिंगवाले जुनं क्रोम उतरवायला हेच वापरतात! क्रोमच्या भागावर ते ओतणं म्हणजे उरलंसुरलंही घालवणं. किकची स्प्रिंग किंवा कडक पोलादाचे बोल्ट त्यात बुडवले तर हायड्रोजन धातूत शिरून ते ठिसूळ होतात, वरून चकचकीत दिसतात आणि भाराखाली तुटतात. बंद खोलीत वाफा सोडल्या तर शेजारचे पानेही गंजतात. एका मित्रानं व्हिडिओ बघून टाकी रात्रभर भरून ठेवली. सकाळी फरशीवर डाग होता. गंजानंच बुजलेली भोकं मोकळी झाली होती. टाकी उचलून उजेडाकडे धरली, तर तळातून तीन ठिपके चमकत होते.