इंजेक्शन मोल्डिंगवाल्यांना, म्हणजे साच्यातून प्लॅस्टिकचे पार्ट बनवणाऱ्यांना, नुसता भाव विचारलाय!
थ्रीडी फाइल पाठवली, मटेरियलचा ग्रेड लिहिला, वर्षाला किती नग लागतील तेही लिहिलं. उत्तर काय? 'अंदाजे सांगतो.' अहो, अंदाज मलाही येतो! साचा किती कॅव्हिटीचा (एका वेळी किती नग निघणार), स्टील कोणतं, रनर (वितळलेलं प्लॅस्टिक साच्यात नेणारी वाट) हॉट की कोल्ड, एका फेरीचा सायकल टाइम किती सेकंद धरला, यातलं एक अक्षर कोटेशनमध्ये नाही. मग दोन कोटेशनची तुलना करायची कशी? आणि ऑर्डर दिल्यावर यांना अंडरकट, म्हणजे पार्ट साच्यातून सरळ निघू न देणारी खाच, दिसतो! म्हणे साच्यात बाजूला सरकणारा स्लायडर लागेल, साच्याचे पैसे वाढतील. तो अंडरकट पहिल्या दिवसापासून ड्रॉइंगवर आहे, सेक्शन काढून, बाण दाखवून. फाइल उघडलीच नव्हती ना? पार्टच्या भिंतीची जाडी २ची ३ मिलिमीटर केली तर थंड व्हायला दुपटीहून जास्त वेळ लागतो, हे मी सांगायचं यांना?