आवाज मोजावा तो शेजाऱ्याचा

मोजायला बसण्याआधी एवढं मनाशी पक्कं करा: आवाज म्हणतात तो शेजाऱ्याचा. आपल्या घरातून निघतो तो संसार.

मग मोबाइलवर डेसिबल मोजणारं एखादं फुकटातलं ॲप घ्या. मोबाइलचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो, आकडा थोडा इकडेतिकडे होतोच, खऱ्या मोजमापाला प्रमाणित मीटर लागतो, असल्या बारकाव्यांत शिरू नका. शेजाऱ्याचा टीव्ही मोजताना हात खिडकीच्या गजांतून जाईल तितका बाहेर काढा. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री दहा ते सकाळी सहा 45 डेसिबल, ही ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांतली मर्यादा पाठ करून ठेवा. भांडणात उपयोगी पडते.

हे आकडे आपल्या स्वयंपाकघरात मात्र नेऊ नयेत. आमच्या फोंड्याच्या घरी मी एकदा हा शहाणपणा केला. हुमणाचं, म्हणजे माशांच्या आमटीचं, वाटप चाललं होतं. मिक्सर असा किंचाळत होता की ओट्यावरचं स्टीलचं झाकण सरकत सरकत गेलं आणि खाली पडलं. पडताना दिसलं, ऐकू आलं नाही. मी हातभरावर मोबाइल धरला. 88. तेवढ्यात बायको काहीतरी म्हणाली.

"काय?"

"चिंच! चिंच दे म्हटलं!"

हातभरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागलं की आवाज 85 च्या घरात गेला समजावं; त्याला ॲपसुद्धा लागत नाही. 85 डेसिबल रोज आठ तासांपर्यंत ठीक मानतात. पुढे दर तीन डेसिबलला मुदत निम्मी: 88 ला चार तास, 100 ला जेमतेम पंधरा मिनिटं. हे मी तिला समजावून सांगितलं. वाटप दोन मिनिटांत झालं होतं, माझं व्याख्यान दहा मिनिटं चाललं. ते किती डेसिबलचं होतं, हे तिने विचारलं, मी मोजलं नव्हतं.

मुलाच्या वाढदिवसाला स्पीकर लावलात आणि शेजारी दारात आला, तर शांतपणे सांगा, "दहाच तर वाढलाय." दहा डेसिबल म्हणजे दसपट ऊर्जा आणि कानाला साधारण दुप्पट आवाज. त्याला शाळेतलं लॉगॅरिदम आठवेपर्यंत केक कापून होतो.

अंजुणा-वागातोरच्या पार्ट्यांबद्दल संताप कायम जवळ बाळगावा. त्या गोंगाटाने गोव्याची संस्कृती बुडते. दिवाळीच्या आदल्या रात्री निघणाऱ्या आपल्या वाड्यावरच्या नरकासुराने ती तरते. त्या रात्री ॲप उघडायचंच नाही. कागदा-काठ्यांचा असुर पुढे, मागे त्याच्याहून उंच स्पीकरांची भिंत, आणि खिडकीच्या काचांना हीव भरलेलं. उघडलंच, तरी घाबरू नका. बहुतेक ॲपं मोजतात ते 'डीबीए'त, आणि त्या मापात खर्जाचा आवाज कमी धरला जातो. छाती धडधडते ती आकड्यात पुरती उतरत नाही. विज्ञान इतकं आपल्या बाजूने क्वचितच असतं. कोणी तान्ह्या पोराला घेऊन मागच्या खोलीत निघाली, तर "सवय होऊ दे गे त्याला" म्हणावं. आतल्या कानातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत, म्हणजे सवय पक्कीच होते.

पहाटे असुर जळतो, तुम्ही घरी येता. कानात बारीक शिट्टी वाजत असते. पंखा बंद करून बघा, फ्रीज बंद करून बघा. तरीही वाजत राहिली तर शेजाऱ्याने नवा पंप बसवला असणार. तेल लावून आंघोळ करा, तुळशीपुढे उभे राहा आणि पायाच्या अंगठ्याखाली कारीट घेऊन दाबा.

ओसरीवरून आजी विचारेल, "फुटलं रे?"

खाली वाकून बघा आणि मग सांगा.