तीन तासांचा हिशेब

नमस्कार सर,

तुम्ही दोन स्टार देऊन लिहिलंत, ‘एक डबा पेलेट घ्यायला तीन तास, वर टेस्टिंगचे ७०० रुपये. सिलिंडरही भरून दिला नाही. म्हापशात शूटिंगच्या नावाखाली लुबाडणूक.’ तुम्हाला त्रास झाला, माफ करा. किती वेळ लागेल ते फोनवरच सांगायला हवं होतं, ते राहिलं.

पण ‘लुबाडणूक’ वाचल्यावर रात्री जेवण गेलं नाही. म्हणून एअर रायफलच्या पेलेटच्या (शिशाच्या छोट्या गोळ्यांच्या) टेस्टिंगचा हिशेब देतो.

वेळ ११ची ठरली होती. शुक्रवारचा बाजार, गाडी लावायला जागा नाही, तुम्ही पावणेबाराला आलात. ही ४५ मिनिटं तुम्ही माझ्या खात्यावर टाकलीत. रायफल डिकीत तापून आलेली, नळीला हात लावला तर चटका. ती निवेपर्यंत २० मिनिटं. मग पेलेटचे सहा लॉट (कारखान्यातल्या वेगवेगळ्या खेपा), तुमच्या खिशातला धरून. पेलेट बदलला की नळी नव्या पेलेटला रुळायला पाच मारायचे, ते मोजायचे नाहीत. त्यानंतर एकाच जागी दहा-दहा मारून दोन ग्रुप. म्हणजे २५ गुणिले सहा, १५०. एकाला ४० सेकंद धरा, १०० मिनिटं झाली. उरलेली १५ रायफलच्या हवेच्या सिलिंडरवरून वाद घालण्यात गेली.

‘सगळे ४.५चेच तर आहेत’ असं तुम्ही काउंटरवर म्हणालात. डब्यावर पेलेटची जाडी ४.४९, ४.५०, ४.५१ मिमी अशी लिहिलेली असते, आणि आकडा तोच असला तरी लॉट बदलला की नळीचं पटेलच असं नाही. दहा मीटरवरच्या टार्गेटवर दहा गुणांचा ठिपका अर्धा मिलिमीटर. हातात धरून मारलं तर चूक पेलेटची की खांद्याची ते कळत नाही, म्हणून रायफल वाइसमध्ये (शिकंज्यात) बांधतो. हाताने काडतुसं भरणारे लोकही बंदुकीची दारू थोडी थोडी वाढवत, दर वेळी कागद बघत जातात. आमच्याकडे दारू नाही, नुसती हवा, पण एका वेळी एकच गोष्ट बदलायची हा नियम तोच. घाई केली तर टेस्टिंग कशाला?

तुमच्या खिशातले पेलेट (सुट्या नाण्यांबरोबर होते, सर. शिसं मऊ असतं) आधी पाहिले. दहांचा ग्रुप कडेपासून कडेपर्यंत ९ मिमी. चौथ्या लॉटचा, त्याच नळीतून, ५.५. पेलेटच मुळी साडेचारचा. ७०० रुपयांत १२५ पेलेट माझे गेले, हे परीक्षणात आलं नाही.

सिलिंडर अ‍ॅल्युमिनियमचा, त्यावर तारीख २०१२ची. बनवणारे स्वतः दहा वर्षांनंतर वापरू नका म्हणतात. त्यात २०० बार दाबाने हवा भरायची, आणि ती तुमच्या गालाजवळ. दुसरीकडे भरून देतात म्हणालात. देत असतील.

आणखी एक, लिहिणार नव्हतो. वाइसमध्ये भरलेली रायफल असताना तुमचा मुलगा टार्गेट बघायला फायरिंग लाइनच्या पुढे गेला. तुम्ही फोनवर होता. माझा आवाज चढला. त्याबद्दल मुलाची माफी मागतो. तुमची नाही.

बाकी वेळेचा आणि दरांचा बोर्ड लावतोय. बसायच्या जागी पंख्याचंही बघतो.

चौथ्या लॉटचे दोन डबे तुमच्यासाठी बाजूला ठेवलेत, टार्गेटचे कागदही ड्रॉवरमध्ये आहेत. रायफल रिकामी आहे हे दाखवायला नळीत घालायची तुमची हिरवी सेफ्टी दोरी इथेच राहिली. कधीही या, फक्त शुक्रवार सोडून.