पाच पदांवरून क्रमिका ठरत नाही

'फरक काढा, सामान्य पद मिळवा' असा एक संदेश विद्यार्थ्यांच्या गटांमध्ये फिरतो आहे. (सामान्य पद म्हणजे क्रमिकेतलं कोणतंही पद देणारं सूत्र.) त्यातले दावे तीन. पहिली चार-पाच पदं कळली की क्रमिका, म्हणजे नियमाने येणाऱ्या संख्यांची ओळ, ठरते. शेजारच्या पदांचे फरक, मग त्या फरकांचे फरक काढत गेलं की कधीतरी एकच संख्या पुन्हा पुन्हा येते. आणि मिळालेलं सूत्र दिलेल्या पदांना लागू पडलं की ते बरोबर. तिन्ही चूक आहेत, आणि मुलं ते पाठ करताहेत याचं वाईट वाटतं.

पहिला दावा घेऊ. १, २, ४, ८, १६... पुढे काय? बहुतेक जण लगेच ३२ म्हणतील. आता एक वर्तुळ काढा. परिघावर बिंदू घ्या आणि प्रत्येक दोन बिंदू जीवेने जोडा. फक्त तीन जीवा आत एकाच ठिकाणी छेदू देऊ नका. मग वर्तुळाचे तुकडे मोजा. एका बिंदूला १, दोनांना २, तिनांना ४, चारांना ८, पाचांना १६. सहा बिंदूंना मात्र ३१! आपलंच मोजताना चुकलं असं वाटून माणूस पुन्हा मोजतो, पण ३१च येतात. कारण प्रत्येक जीवेमुळे एक तुकडा वाढतो आणि आतल्या प्रत्येक छेदनबिंदूमुळे आणखी एक. सहा बिंदूंच्या जीवा १५. कोणतेही चार बिंदू घेतले की आत नेमका एक छेदनबिंदू मिळतो, तेही १५. मूळचा एक धरून ३१. सात बिंदूंना ५७.

संदेशातली युक्ती इथे वापरून बघा. फरक १, २, ४, ८, मग १, २, ४, मग १, २, शेवटी १. तो १ कायम धरून उलट वर या, पुढचं पद ३१ येतं. म्हणजे क्रमिका दुपटीची असेल तर ही युक्तीच चुकीचं उत्तर देते. पाच पदं तीच, नियम दोन.

दुसरा दावा तर दुपटीच्याच क्रमिकेवर कोसळतो. तिचे फरक काढले की पुन्हा १, २, ४, ८ हेच येतात, कितीही वेळा काढा. १, १, २, ३, ५, ८ या फिबोनाची क्रमिकेचंही (प्रत्येक पद आधीच्या दोन पदांची बेरीज) तसंच. फरकांत तीच क्रमिका डोकावत राहते. फरक स्थिर होतात ते सामान्य पद बहुपदी, म्हणजे पदाच्या क्रमांकाच्या वर्ग, घन अशा घातांच्या बेरीज-वजाबाकीचं, असेल तेव्हाच. ३, ८, १५, २४, ३५ मध्ये दुसरे फरक सगळे २ आहेत, आणि नियम बहुपदी आहे हे आधी माहीत असेल, शिवाय तो दुसऱ्या घाताचाच आहे हेही, तर न × (न + २) हे सूत्र (न म्हणजे पदाचा क्रमांक) बिनधास्त लिहावं. ही अट संदेशात कुठेच नाही.

राहिला पडताळा. न × (न + १) + ४१ हे ऑयलरच्या नावाने ओळखलं जाणारं सूत्र घ्या. न च्या जागी ०, १, २ घालत गेलं की ४१, ४३, ४७, ५३, ६१ अशा मूळ संख्या येतात. ३९पर्यंत एकही अपवाद नाही. ओळीने चाळीस वेळा पडताळा जुळतो. मग ४० घाला: ४० × ४१ + ४१, म्हणजेच ४१ × ४१, म्हणजे १६८१.