‘देव मानत नाही, त्यांना मूल दत्तक मिळत नाही’: या मेसेजमधलं जवळपास सगळं खोटं आहे

‘नास्तिक जोडप्यांनो, सावधान’ अशा मथळ्याचा एक लांबलचक मेसेज सध्या ग्रुपांतून फिरतोय. माझ्या मावसबहिणीपर्यंत तो पोचला आणि तिने दत्तकासाठीची नोंदणी अर्ध्यावर सोडली. म्हणून हे लिहावं लागतंय.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. एक, धर्माच्या जागी ‘नाही’ लिहिलं की अर्ज बाद होतो. दोन, दत्तहोम (दत्तक घेताना करायचा होम) केल्याशिवाय दत्तक कायदेशीर होत नाही. तीन, संस्था मूल त्याच्या आईच्या धर्माच्याच घरी देतात. चार, अशा आईबापांचं दत्तक मूल वारस ठरत नाही. आणि पाच, म्हणून सरळ ओळखीच्या प्रसूतिगृहातून बाळ घ्या, स्टॅम्पपेपरवर नोटरी करा, ‘सगळे तसंच करतात’.

पाचव्यापासून सुरुवात करू. पहिले चार वाचून माणूस फार तर निराश होतो. पाचव्याचं ऐकलं तर त्याच्यावर गुन्हा दाखल होतो आणि बाळ बालगृहात जातं.

अनाथ, टाकून दिलेलं किंवा आईने स्वाधीन केलेलं मूल कायद्याची प्रक्रिया टाळून दत्तक देणं आणि घेणं, दोन्ही गुन्हे आहेत. बाल न्याय अधिनियम, २०१५, कलम ८०: तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. पैशांची देवघेव झाली की कलम ८१ लागतं: पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख दंड. विकणारा माणूस रुग्णालयातला किंवा प्रसूतिगृहातला असेल तर किमान तीन आणि कमाल सात वर्षं. ‘हॉस्पिटलचा खर्च’, ‘आईला मदत’ असं नाव दिल्याने ते पैसे वेगळे होत नाहीत.

आता नोटरी. नोटरी फक्त एवढंच सांगतो की या माणसांनी माझ्यासमोर सही केली. त्या शिक्क्याने कुणी कुणाचा आईबाप होत नाही. हे माहीत असल्यामुळेच असे दलाल पुढचं पाऊल उचलतात: प्रसूतिगृहाकडून महापालिकेला जाणाऱ्या जन्माच्या नोंदीत खऱ्या आईऐवजी घेणारीचं नाव घालतात. कागद हातात आला की सगळं मिटलं असं वाटतं. प्रत्यक्षात घेणाऱ्या बाईची गरोदरपणातली एकही तपासणी नसते, सोनोग्राफी नसते, दाखल झाल्याची नोंद नसते. आयाबाईपासून दलालापर्यंत चार जणांना खरं ठाऊक असतं आणि त्यातला कोणीही उद्या पुन्हा पैसे मागू शकतो. टोळीतला एक जण पकडला गेला की पोलीस त्याच्या फोनवरून आधीच्या गिऱ्हाइकांपर्यंत पोचतात. तोवर मूल दोन-तीन वर्षांचं झालेलं असतं आणि ज्यांना आईबाबा म्हणतं त्यांच्यापासून तोडलं जातं. हा भोग त्या मुलाच्या वाट्याला येतो, मेसेज पुढे ढकलणाऱ्याच्या नाही.

त्यात जन्मदात्या आईचा तर कुणी विचारच करत नाही. कायद्याने तिला बाल कल्याण समितीपुढे मूल स्वाधीन केल्यावर फेरविचाराला साठ दिवस दिले आहेत. बाळंतपणानंतर तिसऱ्या दिवशी बाळ पिशवीत घालून नेणारा दलाल तिचे ते साठ दिवस हिरावतो.

बाळाच्या तब्येतीचंही तेच. रीतसर दत्तकात बाळाचा वैद्यकीय तपासणी अहवाल मिळतो, आणि होकार देण्याआधी तुम्ही आपल्या बालरोगतज्ज्ञाकडून तपासून घेऊ शकता. मागच्या दाराने आलेल्या बाळाबद्दल दलाल सांगेल तेच खरं मानायचं.

इथे एक गोष्ट मान्य करायला हवी, कारण मेसेज तिच्याच आडोशाने उभा आहे. ‘कारा’शिवाय, म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाशिवाय, दत्तक मुळीच होत नाही, असं नाही. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ खाली जन्मदाते आईवडील थेट मूल देऊ शकतात, आणि बाल न्याय कायदा त्यात ढवळाढवळ करत नाही. पण देण्याचा हक्क आईवडिलांचा. ते नसतील तर पालकाचा, आणि तोही न्यायालयाची आधी परवानगी काढून. डॉक्टर, नर्स, मेट्रन यांना हा हक्क कुठेही नाही. मोबदला घ्यायला त्या कायद्याचं कलम १७ मनाई करतं. मुलगा घ्यायचा तर घरात मुलगा नको, मुलगी घ्यायची तर मुलगी नको, अशाही अटी आहेत. दस्त करायचा तो दुय्यम निबंधकाकडे नोंदवून, तरच न्यायालय तो खरा धरून चालतं. नात्यातलं मूल घेणाऱ्यांना हा रस्ता ठीक आहे. ज्याचे आईवडील समोर नाहीत अशा अनोळखी बाळासाठी तो नाहीच.

पहिल्या मुद्द्याला एका कलमात उत्तर आहे, आणि मेसेज लिहिणाऱ्याने ते उघडून पाहिलेलं नाही. बाल न्याय अधिनियमाचं कलम ५८ म्हणतं की भारतात राहणारे भारतीय इच्छुक पालक, त्यांचा धर्म कोणताही असला तरी, अर्ज करू शकतात. सर्वोच्च न्यायालयाने १९ फेब्रुवारी २०१४ ला शबनम हाश्मी प्रकरणात, जुन्या बाल न्याय कायद्याबद्दल बोलताना, हेच सांगितलं होतं: हा कायदा वाट मोकळी करून देणारा आहे, ज्याला आपल्या धर्माच्या व्यक्तिगत कायद्याने चालायचं त्याने तसं चालावं, पण तो व्यक्तिगत कायदा दुसऱ्याची वाट अडवू शकत नाही. धर्म ‘नाही’ म्हणण्याबद्दल आपल्याच मुंबई उच्च न्यायालयाचा सप्टेंबर २०१४ चा निकाल आहे. कोणत्याही सरकारी यंत्रणेला नागरिकाकडून धर्म जाहीर करून घेता येणार नाही आणि ‘मला धर्म नाही’ असं सांगायचा त्याला अधिकार आहे, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. कुठल्या कागदावर धर्माचा रकाना आलाच तर ‘नाही’ लिहा. खोटं लिहू नका, कारण नंतर घरी येणारी समाजसेविका तेच विचारेल आणि विसंगत उत्तर मात्र खरोखर नडेल.

कागद कोणते लागतात तेही बघा: जोडप्याचा फोटो, पॅन, जन्मतारखेचा पुरावा, राहत्या पत्त्याचा पुरावा, उत्पन्नाचा पुरावा, दीर्घ, संसर्गजन्य किंवा जीवघेणा आजार नसल्याचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र, विवाह नोंदणीचा दाखला, परिचितांची पत्रं. धर्माचा दाखला नाही, जातीचा नाही. लग्न रजिस्टर पद्धतीने झालं की विधी करून, याच्याशीही कुणाला देणंघेणं नाही. दोन वर्षांचा स्थिर संसार हवा, एवढंच.

दत्तहोमाचा मुद्दा चुकीचा आहे, आणि तोही १९५६ पासून. ज्या हिंदू कायद्याचा दाखला हा मेसेज देतो, त्याच्याच कलम ११ मध्ये लिहिलंय की दत्तक वैध व्हायला दत्तहोम आवश्यक नाही. देणं-घेणं प्रत्यक्ष झालं पाहिजे, बस. आणि बाल न्याय कायद्याखालच्या दत्तकात तर होम, विधी असं काही येतच नाही. तिथे आदेश निघतो, आणि २०२१ च्या दुरुस्तीने तो काढायचं काम न्यायालयाकडून जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे दिलंय.

तिसऱ्या मुद्द्यात मात्र जुन्या काळाचा एक खरा अंश आहे. ऑगस्ट २०१५ च्या आधी प्रतीक्षायादी ज्या त्या संस्थेकडे असायची आणि कुठलं मूल कुणाला, हे बऱ्याच अंशी संस्था ठरवायची. तेव्हा नकार मिळालेल्यांचा अनुभव मी नाकारत नाही. पण नंतर यादी देशभराची एक झाली, नोंदणीच्या ज्येष्ठतेने चालणारी, ‘केअरिंग्ज’ या पोर्टलवर. मदर तेरेसांच्या मिशनरीज ऑफ चॅरिटीने २०१५ मध्ये नव्या नियमांवरच्या मतभेदातून दत्तकाचं काम बंद केलं. आता पालक राज्य, वय, मुलगा की मुलगी आणि आरोग्य याबद्दल पसंती सांगतात. मुलाची माहिती पोर्टलवर आली की ४८ तासांत ते मूल राखून ठेवायचं आणि राखल्यापासून तीस दिवसांत भेटून निर्णय द्यायचा.

धर्माचा विषय निघालाच तर गृहभेटीत निघतो. साठ दिवसांत पूर्ण व्हायचा असलेला या भेटीचा अहवाल सहा हजार रुपये शुल्क घेऊन समाजसेविका लिहिते. वन रूम किचन आहे म्हणून ती नापास करत नाही. ती बघते की दोघं कामावर गेल्यावर बाळ कुणाकडे, पाळणाघर की आजी. आजी-आजोबांना हे दत्तक मनापासून मान्य आहे का. दोघांची उत्तरं एकमेकांशी जुळतात का. मुलाला त्याच्या जन्माबद्दल कधी आणि कसं सांगणार. अशा वेळी ‘तुम्ही देव मानत नाही, मग आजी त्याला गणपतीत घेऊन गेली तर?’ हा प्रश्न आला तर अंगावर घेऊ नका. घरात मतभेद झाले की तुम्ही ते कसे हाताळता, हे तिला समजून घ्यायचं असतं. आपापसात आधी बोलून ठेवा आणि ठरलंय ते सांगा. अश्रद्धेवर भाषण नको. अहवाल विरोधात गेलाच तर कारण नोंदवावं लागतं. ते लेखी मागा.

अर्ज खरोखर अडतात ते वयावर. दोघांच्या वयाची बेरीज दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी जास्तीत जास्त ८५, दोन ते चारसाठी ९०, चार ते आठसाठी १००, त्यापुढे ११०. शिवाय मूल आणि पालक यांच्यात किमान २५ वर्षांचं अंतर. ४४ आणि ४२ चं जोडपं तान्ह्या बाळासाठी एका वर्षाने हुकतं. असल्या मेसेजवर विश्वास ठेवून सहा महिने घालवणाऱ्यांचं नुकसान नेमकं इथे होतं. प्रतीक्षा तशीही काही वर्षांची आहे, हे कबूल.

राहिला वारसा. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ६३ नुसार आदेश लागू झाल्या तारखेपासून मूल सर्व बाबतींत दत्तक आईबापांचं होतं, जणू त्यांच्याच पोटी जन्मलेलं, आणि मृत्युपत्र नसताना मिळणारा वारसाही त्यात येतो. तरीही मृत्युपत्र करून ठेवा, दोन साक्षीदारांच्या सह्यांनी, कारण पुतणे-भाचे भांडायला उठले की हे कलम वाचून दाखवायला कोर्टात जावं लागतं. मुस्लिम घरात जन्मून धर्म न पाळणाऱ्यांनी इथे जास्त लक्ष द्यावं: निकाह झालेला असेल आणि व्यक्तिगत कायदा लागू धरला गेला तर मृत्युपत्राने साधारण एक तृतीयांशच मालमत्ता देता येते. लग्न विशेष विवाह अधिनियम, १९५४ खाली असेल तर भारतीय उत्तराधिकार अधिनियम लागतो आणि ही मर्यादा उरत नाही. आधी झालेलं लग्नही त्या कायद्याखाली नोंदवता येतं. ते दत्तकाच्या आदेशाआधी उरकलं तर बरं.